कच्च्या दुधाचं चीज

विल्यासिस सरांनी अहवालाचा कागद तिसऱ्यांदा नार्सिसापुढे सरकवला. सगळं लिहून झालं होतं, फक्त ‘चीज कुणी बनवलं’ हा रकाना कोरा होता.

अन्न जैवतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला ती सूक्ष्मजीवशास्त्रात दोनदा नापास झाली होती. ही तिसरी आणि शेवटची संधी. पाच वाजेपर्यंत अहवाल गेला नाही तर विद्यापीठातून नाव कमी होणार होतं. सर तिचे मार्गदर्शक. मागे पडलेल्या मुलांना सांभाळून घेणं हे त्यांचं काम. आई चीज बनवून बाजारात विकते, तिची गिऱ्हाइकं तुटायची भीती असेल, असं त्यांना वाटलं. नुसतं ‘बाजारातलं’ म्हणून लिही, मी सही करतो, असं त्यांनी सांगून पाहिलं. ती मान हलवत राहिली. आईचं तरी ऐकेल म्हणून शेवटी त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला आत बोलावलं.

आई, दोन्या सोइला, डोंगरावरच्या गावातून सकाळच्या बसने लाताकुंगा शहरात आली होती. शालीतून तिने फडक्यात बांधलेलं चीज काढलं आणि टेबलावर ठेवलं. कालच्याच धारेचं, सरांसाठी. पोरीला काढू नका, म्हणाली. घरात वाईट दिवस चाललेत, तिचं लक्ष कुठून लागणार. ऑगस्टमध्ये सुनेचं, ग्लाडिसचं, मूल पोटातच गेलं. सहावा महिना होता. मुलगा होता.

“हजारदा सांगितलं होतं, इंद्रधनुष्य उभं असताना ओढ्यावर जाऊ नकोस, ते पोटातलं मूल नेतं. ऐकेल तर ती ग्लाडिस कसली. घरात अजून कुणी तिच्याशी धड बोलत नाही.” मग तिने लेकीकडे हात केला. “आणि ही शहाणी सुट्टीला येते ती दूध उकळा म्हणत. उकळलेल्या दुधाचं चीज धरतं का कधी? तुम्हीच सांगा, सर. दूध नासवायला शिकवलंय हिला तुम्ही.”

सर हसले नाहीत. टेबलावर नार्सिसाची काचेची बशी होती, चीजमधले जंतू वाढवलेली; तिच्याकडे त्यांनी आता नीट पाहिलं. राखाडी ठिपके, प्रत्येकाभोवती काळं कडं. हा जंतू धडधाकट माणसाला दोन दिवस ताप आणून सोडतो. गरोदर बाईचं मूल घेऊन जातो. हे त्यांनीच वर्गात शिकवलं होतं. नार्सिसाने घरून आणलेलं चीज तीनदा तपासलं होतं. तिन्ही बश्या सारख्या.

“आईला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

नार्सिसाने नाही म्हटलं.

“काय सांगायचंय?” सोइला म्हणाली.

नार्सिसाने बशी आईच्या बाजूला वळवली आणि खाली बघत सांगितलं. हे काळं काय आहे, कच्च्या दुधातून कसं येतं, पोटुशी बाईने खाल्लं की काय होतं. पाठ केलेला धडा म्हणावा तशी बोलली. एकदाच अडखळली, ग्लाडिसचं नाव आलं तेव्हा.

सोइला बशीला हात लावायला गेली. सरांनी बशी मागे घेतली.

ही या महिन्यातल्या चीजची तपासणी आहे, सर घाईने म्हणाले. ऑगस्टमधलंही असंच होतं, असं यावरून कुणालाच म्हणता येणार नाही.

“भांडं तेच आहे, सर,” नार्सिसा म्हणाली. “फळी तीच. गाळायचं फडकंही तेच.”

पाचला वीस मिनिटं होती. सोइलाने विचारलं, कोरी जागा कुठली. सरांनी बोट ठेवून दाखवली.

“माझं नाव लिही,” ती लेकीला म्हणाली. “पूर्ण लिही.”

नार्सिसाने लिहिलं. सरांनी खाली सही केली. कुणीच उठलं नाही.

“ग्लाडिसला नको असायचं हे,” सोइला म्हणाली. “वास येतो म्हणायची. मी समोर बसून खायला लावायचे.”