सायकलची किल्ली

आमच्या उमेळ्याच्या घरात संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपली की लहानांनी मोठ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा, मगच जेवायचं. आज माझी नात जोव्हिटा हात मागे बांधून उभी राहिली. न विचारता हायवेपर्यंत सायकल नेली म्हणून तिच्या पपाने, एल्टनने, किल्ली खिशात टाकली होती. "आशीर्वाद माग," तो म्हणाला. "तू कुठे आजोबांकडे मागतोस?" जोव्हिटाने उलट विचारलं. नोकरीला लागल्यापासून एल्टनने ते सोडलंच होतं. आतून माझी बायको ओरडली, "बांगडे थंड होतायत!" एल्टन ऑफिसच्या पँटीतच माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. "पपा, आशीर्वाद द्या." त्याच्या विरळ केसांवर मी हात ठेवला. जोव्हिटाने लगेच डोकं त्याच्या हाताखाली घातलं. मग मला बिलगून म्हणाली, "आजोबा, तू पपाचा पपा. किल्ली द्यायला सांग ना!" मी हसलो. "तुझा पपा तो. त्याला विचार."