कपाळामागचा उजेड

"अजून थोडे लांब हवेत," बाई म्हणाल्या. "उजेडाचे किरण. खांद्यापाशीच संपतायत."

त्याने माउस सोडला, मान कडाकडा मोडली आणि परत माउस धरला. आजचा सहावा दिवस. एकाच फोटोचा.

स्क्रीनवर बाईंचे मिस्टर होते. पन्नाशीचे, भांग डावीकडे, हसू असं की फोटोग्राफरने दम देऊन हसवलंय. त्यांचा आकार त्याने पहिल्याच दिवशी कापून वेगळा काढला होता. त्याच आकाराची एक कॉपी मागे ठेवायची, पांढरी भरायची, मग ब्लर लावून मधून बाहेर ताणायची. पांढरं विस्कटतं आणि त्याचे किरण होतात. एवढंच काम. हात बसला असेल तर वीस मिनिटांचं.

त्याच्या फोटोच्या दुकानात एक न लिहिलेला नियम होता. जिवंत माणसांना गुळगुळीत गाल आणि निळं आभाळ. किरण फक्त गेलेल्यांना. कोणी आत येऊन "मागून उजेड पाहिजे" म्हणालं, की तो आवाज खाली आणायचा, स्टूल पुढे करायचा आणि फार काही विचारायचा नाही.

बाईंना मात्र पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. "कधी...?"

"फेब्रुवारीत. सकाळी नेहमीसारखे कामावर गेले. दुपारी मला फोन आला."

त्याने स्टूल पुढे केलं. बाई बसल्या.

"घरात आता आवाजच नसतो," त्या म्हणाल्या. "भांडं पडलं तरी बरं वाटतं."

हे त्याला बरोबर कळलं. दुकानामागच्या खोलीत तो नऊ वर्षं एकटा राहत होता. आई गेल्यापासून त्याच्या घरी भांडंसुद्धा पडलं नव्हतं.

बाई रोज अकराला यायच्या. त्याच्या उजव्या हाताला स्टूल ओढून बसायच्या आणि त्याला सर म्हणायच्या. दहावीला दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला सर!

"सर, किरणांचा मधला ठिपका कुठे ठेवलात?"

"कपाळाच्या जरा मागे. तोंडावर ठेवला ना, तर माणूस बल्ब गिळल्यासारखा दिसतो."

बाई हसल्या. मग पर्समधून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं.

"विसरायला होतं हो सगळं," त्या म्हणाल्या. "म्हणून लिहून ठेवते."

त्याने नजर वळवली. माणसाच्या आठवणीत आपण कशाला डोकावायचं.

दुपारी बहिणीचा फोन आला. "दादा, एका फोटोला सहा दिवस? फोटो करतोयस की देऊळ बांधतोयस?"

"बारीक काम आहे."

"असेल, असेल. उद्या तो पोपटी शर्ट तेवढा घालू नकोस. सिग्नल सुटल्यासारखा दिसतोस."

"गप गं. त्यांचे मिस्टर गेलेत."

"आणि तू कधी जगणार आहेस?"

त्याने फोन ठेवला. संध्याकाळी बाजारात जाऊन दुसरा कप घेऊन आला. घरात एकच होता.

खरं सांगायचं तर आता काम तोच लांबवत होता. सातव्या दिवशी त्याने मुद्दाम कानामागे पांढरी कड ठेवली. म्हटलं, ही काढायला उद्या येतील. बाईंनी बसायच्या आधीच बोट ठेवलं.

"सर, इथे कापताना राहिलंय."

"डोळा तयार झाला तुमचा."

"तुमच्यामुळे."

रात्रभर तो एक शब्द त्याने उशाशी घेतला.

नवव्या दिवशी बाई स्टुलावर बसल्याच नाहीत. उभ्या राहून म्हणाल्या, "एकदा मी करून बघू? पहिल्यापासून? त्यांच्यासाठी माझ्या हातून काहीतरी होऊ दे."

त्याने खुर्ची दिली. या खुर्चीत आजवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. बाईंनी आकार कापला, पांढरं भरलं, ताणलं, किरणांवर थोडा पिवळा चढवला. कुठेही अडल्या नाहीत. मिस्टरांच्या मागून असा उजेड फुटला की तो नीट बघायला पुढे वाकला.

"झालं ना सर?"

"झालं," तो म्हणाला. मनात म्हणाला, का झालं?

विचारायचं होतं, की फोटो नसला तरी याल का? नुसत्या चहाला? त्याने विचारलं एवढंच, "फ्रेम करू?"

"करा. उद्या येऊन घेऊन जाते."

दहाव्या दिवशी बाई आल्या नाहीत. अकराव्या दिवशीही नाहीत. नवा कप पालथा तो पालथाच. फोन लावला तर उचलेनात. त्याला नको नको ते वाटायला लागलं. एकटं माणूस, बंद घर, आणि महिनाभर आवाज नाही तरी शेजाऱ्याला पत्ता नाही. हे त्याला माहीत होतं, कारण स्वतःबद्दल त्याने हे कितीदा तरी कल्पलं होतं.

तेराव्या दिवशी त्याने दुकान बंद केलं, साधा पांढरा शर्ट घातला, फ्रेम कागदात गुंडाळून काखेत मारली आणि पावतीवरचा पत्ता शोधत निघाला. आज विचारायचंच. नाही म्हणाल्या तर निदान नाही तरी ऐकू येईल.

तीन गल्ल्या पलीकडे तो नंबर सापडला. घर नव्हतं, गाळा होता. नव्या रंगाचा वास येत होता. आत नव्याकोऱ्या कॉम्प्युटरपुढे बाई पाठमोऱ्या बसलेल्या, आणि शेजारच्या स्टुलावर कोणी म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. बाई आवाज खाली आणून त्यांना म्हणत होत्या, "काळजी करू नका काका, उजेड कपाळाच्या मागून देते."

तो दारातच थांबला. डोक्यावर शिडी करकरली. वर एक माणूस पाटी ठोकत होता. त्याने खाली वाकून पाहिलं. भांग डावीकडे, ओठांत दोन खिळे. ते काढून तो कसनुसं हसला.

"साहेब, ही कड जरा धरता का? मिसेस कामात आहेत."