चुन्याची निवळी

"बाई, शनिवारी दुपारी कुणासाठी प्रयोग?" चुन्याच्या निवळीची परीक्षानळी माझ्यापुढे ठेवत प्रयोगशाळेतल्या भोईटेमामांनी विचारलं. मी पिशवीतून मानेला लावायची हवेची उशी काढली. माझी मान अवघडते म्हणून ह्यांनी ती एसटीत तोंडाने फुगवून दिली होती. स्टँड यायच्या आत ह्यांना झटका आला आणि हे गेले. त्याला तीन आठवडे झाले. उशीचं बूच मी अजून उघडलं नव्हतं.

त्या सकाळी ह्यांनी दोनदा पोहे मागून घेतले होते. त्या पोह्यांची साखर झाली, ती ह्यांच्या पेशींनी ऑक्सिजन घेऊन जाळली, तेव्हा कुठे उशी फुगवण्याइतकी शक्ती आली. आणि जळून उरलेला कार्बन डायऑक्साइड उशीतच होता.

बूच उघडून तिथे नळी जोडली, तिचं टोक निवळीत बुडवलं आणि मी उशी हलकेच दाबली. बुडबुडे आले, निवळी दुधाळ झाली. हा पांढरा गाळ वाळवून ठेवायचा, असं मी ठरवूनच आले होते. ह्यांच्या श्वासातलं काहीतरी हातात धरता आलं असतं.

"झालं की, बाई. थांबा आता," मामा म्हणाले.

मुलांना वीस वर्षं मीच हे सांगत आलेय. पांढरं झालं की थांबा, वायू जास्त गेला तर गाळ विरघळतो. पण उशीत अजून श्वास होता. मी ती छातीशी कवटाळली आणि रिकामी होईपर्यंत दाबत राहिले.

परीक्षानळीत पुन्हा स्वच्छ पाणी दिसत होतं.

"असू द्या, बाई," मामा म्हणाले. "पुन्हा करू. चुना पुष्कळ आहे."