एकगठ्ठा

कामोठ्यातला फ्लॅट यूम्नाला फार आवडला होता. ती फिजिओथेरपिस्ट, नवरा अदीब न्हावा शेव्याच्या बंदरात इंजिनिअर. कर्जही मंजूर झालं होतं. पण नावं ऐकताच सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "इथे सगळी आमच्यातलीच कुटुंबं आहेत. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल." शेवटी दोघांनी पनवेलच्या मोहल्ल्यातच घर घेतलं. यंदा महापालिकेच्या निवडणुकीत तेच अध्यक्ष पक्षाचा प्रचार करत त्यांच्या दारात आले. त्यांनी तिला ओळखलं नाही. "ताई, तुमचा मोहल्ला दरवेळी एकगठ्ठा मतदान करतो," ते समजावू लागले. "तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी तरी वेगळा विचार करावा." "जाऊ दे," अदीब पुटपुटला. पण यूम्ना संतापून म्हणाली, "वेगळा विचार केला होता, साहेब. तुमच्या सोसायटीत राहायचा. तुम्हीच आम्हाला या गठ्ठ्यात ढकललंत." जिना उतरताना अध्यक्ष कार्यकर्त्याला म्हणाले, "बघितलंस? हे लोक बदलायचे नाहीत."