कोपरापर्यंत फेस

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक.

बारकी त्यांच्या घरच्या लॉन्ड्रीचं मागचं दार ढकलते, तर आतून काहीतरी मऊ मऊ उलट रेटतंय. जोर लावून आत शिरते आणि बघते तर काय, फेस! गुडघ्यापर्यंत! इस्त्रीचं टेबल होडीसारखं तरंगतंय की काय असं वाटतंय. पंखा फेसाचे पुंजके उचलून खोलीभर हिंडवतोय. वरच्या खिडकीतून ऊन आलंय आणि एकेका बुडबुड्यात एकेक इवलीशी खिडकी. आवाज म्हणशील तर नुसती बारीक चुरचुर, कोणी कानात कुजबुजतंय अशी.

आणि मधोमध बाबा. बाह्या दुमडलेल्या, एका भुवईवर फेसाचा गोळा.

बाबांनी सगळा जन्म हातानं कपडे धुतले. त्यांचं माप एकच, कोपरापर्यंत फेस आला की साबण पुरे. हे मशीन दोन महिन्यांपूर्वी दादानं आणलं. त्याची पावडर वेगळी, फेस न करणारी, अर्धी वाटी टाकली की झालं. बाबा काचेतून बघत बसायचे आणि म्हणायचे, "हे कुठे धुतंय? हे कपड्यांना नुसतं फिरवून आणतंय." गेल्याच आठवड्यात मशीनची बटणं दाबताना दादानं त्यांना पकडलं. म्हणाला, "पुन्हा हात लावलात तर दुकानात यायचं नाही. घरी बसायचं." आणि दादा एकदा बोलला की बोलला.

आज दादा चादरी पोचवायला गेला आणि बाबांनी हातानं धुवायची पावडर ओंजळी भरभरून मशीनमध्ये टाकली.

"बाबा, किती टाकलीत?"

"मोजायची कशाला? हाताला कळतं." त्यांनी फेसात हात बुडवला. "बघ, कुठवर आला?"

"कोपराच्याही वर."

"आज शिकलं बघ हे! दोन महिने नुसतं गरागरा फिरत होतं."

आता बारकीला सगळं माहितीये गं. फेस काही मळ काढत नाही, मळ काढतो पाण्यातला साबण. फेस म्हणजे काय, पाण्याची पातळ कातडी आणि पोटात हवा. उलट मशीनमध्ये फेस माजला की कपडे आपटतच नाहीत, गादीवर लोळल्यासारखे लोळतात. आणि उपायही तिला माहितीये. कपडे मऊ करायचं ते निळं लिक्विड. थोडं मशीनच्या खणात ओतायचं, थोडं पाण्यात कालवून वरून मारायचं. साबण आणि ते, दोघं एकमेकांना असे चिकटतात की फेसाला वालीच उरत नाही. बघता बघता खाली बसतो. दादा येईपर्यंत फरशी नुसती ओली. ती काय, रोजच असते.

तिनं मशीन बंद केलं, मगभर पाण्यात लिक्विड कालवलं आणि वळली.

"हळू चाल गं," बाबा म्हणाले, "फेस मोडशील."

असं म्हणाले, जसं काही झोपलेल्या बाळाजवळून जायचंय! तिला हसूच आलं. मग बाबा पण हसले. हसताना भुवईवरचा गोळा सुटला, पंख्याच्या वाऱ्यावर वर गेला, आणि दोघं मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली. किती वेळ, कोणास ठाऊक.

"दादाला फोन लाव," बाबा एकदम म्हणाले. "म्हणावं असशील तसा ये. त्यालाही दिसू दे, बापाला मशीन जमलं."

फोन लावायची गरजच पडली नाही. बाहेर दादाची गाडी मागे घेतल्याची टीं टीं सुरू झाली.

बाबांनी ओले हात शर्टाला पुसले, केस सारखे केले आणि फोटोला उभं राहतात तसे दाराकडे तोंड करून उभे राहिले. मागे सगळा पांढरा फेस, अजून कुठे कुठे फुलत असलेला.

आणि बारकी तिथेच, हातात तो मग घेऊन.

बोल आता. तू ओतलं असतंस?