तारखेची मोकळी जागा

"तारीख घालू नका, बाई. खाली फक्त सही करा, झालं," वेसेलिन म्हणाला आणि त्यानं कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला.

स्मिल्यानं कागद वाचला. दोनच ओळी होत्या. मी स्वखुशीने नगरसेवकपदाचा राजीनामा देत आहे. कारण, वैयक्तिक. दिनांक या शब्दापुढे मोकळी जागा.

"अहो, मी अजून शपथसुद्धा घेतली नाही."

"म्हणून तर आत्ता. हा माझ्या कपाटात राहील. नीट वागलात तर चार वर्षं तिथंच धूळ खाईल." वेसेलिन यावोरित्सा शहरातला पक्षाचा प्रमुख. स्वतः कधी निवडणुकीला उभा राहिला नव्हता. त्याला गरजच पडली नव्हती. "आपले सोळा निवडून आले. पंधरा जणांच्या सह्या झाल्या. तुमच्याच पेनातली शाई वाळली का?"

स्मिल्या जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या गावांत वीस वर्षं गोठ्यागोठ्यांतून फिरली होती. तिथल्या लोकांनी पक्षाला नाही, तिला मतं दिली होती, आणि तिनं त्यांना एकच शब्द दिला होता: ओढा कोरडा पाडून, त्याचं पाणी पाइपात घालून वीज करायचा ठराव आला, तर माझा हात वर होणार नाही.

"आणि ओढ्याचा ठराव आला तर?" तिनं विचारलं.

"तेव्हा तारीख घालायची वेळ तुम्ही माझ्यावर आणू नये, एवढंच."

तिनं कागदाची घडी केली आणि सही न करताच खिशात ठेवली.

"स्मिल्याबाई," वेसेलिनचा आवाज जरासुद्धा चढला नाही, "मिलोये नगरपालिकेच्या बॉयलरवरच आहे ना अजून? करार दर वर्षी नवा करावा लागतो म्हणे."

मिलोये तिचा नवरा, नगरपालिकेची इमारत गरम ठेवणाऱ्या कोळशाच्या बॉयलरवर कंत्राटी कामगार. वय छप्पन्न. त्याला आता दुसरं काम कोण देणार? हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं कॉफी संपवली, आणि उठून सभागृहात गेली.

नव्या सभेच्या पहिल्या दिवशी सगळ्यांत वयस्कर सदस्यानं अध्यक्ष व्हायचं, ही तिथली रीत. म्हणून खुर्चीवर स्वेतोझार बसला होता. वय ऐंशी, वेसेलिनच्याच पक्षाचा, सोळा वर्षं नगरसेवक. सोळा वर्षांत तो सभेत काय बोलला, हे कुणाला आठवत नव्हतं. जाड भिंगांचा चष्मा लावून, वही नाकाशी धरून, तो एकेकाला शपथ सांगत होता. लोक मागच्या बाकांवर बसले होते. त्यांत मिलोयेही होता. बायकोची शपथ बघायला पाळीवरून तासभर सुटून आला होता.

स्मिल्याची पाळी आली. तिनं स्वेतोझारच्या मागून एकेक वाक्य म्हटलं. लोकांनी दिलेल्या पदाचा मान राखीन. माझ्या मनाला पटेल तसंच मत देईन. शपथ संपली, तरी ती तिथंच उभी राहिली.

"स्वेतोझारकाका, पलीकडच्या खोलीत मला आणखी एक शपथ दिलीय. दोन्ही काही मला पाळता यायच्या नाहीत. हीपण वाचा, सगळ्यांना ऐकू दे."

तिनं घडी उलगडून कागद त्याच्यापुढे ठेवला.

"काका, तो पक्षाचा घरगुती कागद आहे," पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या खुर्चीवरून वेसेलिन म्हणाला. "राहू द्या तो."

शपथ सांगून झाल्यावर पुसायला काढलेला चष्मा स्वेतोझारनं वहीवर ठेवला होता. तो तिथंच राहिला. म्हाताऱ्यानं कागदाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणू लागला. मी स्वखुशीने नगरसेवकपदाचा राजीनामा देत आहे. कारण, वैयक्तिक. दिनांक. इथं तो थांबला. "दिनांक कोरा."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं, चष्मा तर वहीवरच होता. पक्षाचे नगरसेवक आपापल्या टेबलाकडे बघत बसले.

"काका, तुम्हाला पाठ आहे," स्मिल्या हलकेच म्हणाली.

"पाच वेळा सही केलीय मी त्याच्यावर, पोरी."

माइक चालूच होता. वाक्य दारापर्यंत गेलं.

म्हाताऱ्यानं चष्मा चढवला. "या सभागृहात शपथ एकच. नगरसेविका स्मिल्या यांकोविच, जाऊन जागेवर बसा. पुढचं नाव."

वेसेलिन खुर्चीत सावकाश मागे वळला. त्याची नजर एकेका बाकावरून फिरत मिलोयेवर येऊन थांबली, आणि मग सगळं सभागृह तिकडेच बघू लागलं. स्मिल्यानंही पाहिलं. तिनं मिलोयेला काही विचारलं नव्हतं. विचारायला वेळच कुठं होता? ती जागेवर जाऊन बसली.

मिलोये उठला. अंगातलं नगरपालिकेचं निळं जाकीट त्यानं काढलं. खालच्या स्वेटरला कोपराशी रफू केलेलं होतं. जाकिटाची नीट घडी करून तो बाकांमधून पुढे आला आणि ती घडी त्यानं वेसेलिनच्या मांडीवर ठेवली.

"बॉयलरची चावी उजव्या खिशात आहे," तो म्हणाला. "दोन वाजता राख काढावी लागते. जमेल ना तुम्हाला?"