विमानाची वाटणी

विमानाचं शेपूट उखर्डूच्या शेतात होतं आणि तोंड वनाच्या. मधला बांध पोटाखाली आला होता. सगळं गाव भोवती जमलं होतं, आणि विमानापेक्षा जास्त त्या दोघांकडेच बघत होतं.

उखर्डू आणि वना सख्खे भाऊ. वेगळे निघाल्यापासून एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. वाटणी मात्र इतकी काटेकोर केली की चोपड्याच्या बाजारात तिची चर्चा व्हायची. शेत निम्मं. घर निम्मं, मधोमध नवी भिंत. आई एक महिना इकडे, एक महिना तिकडे. बैलजोडी एकच होती, तर तीही फोडली. उजवा चांद्या उखर्डूने नेला, डावा लाल्या वनाने. गोऱ्हे होते तेव्हापासून एकाच जुवात चाललेली ती जनावरं, दुसऱ्या कुठल्या बैलाबरोबर सरळ चालेनात. तेव्हापासून दोन्ही शेतांत पेरणीच्या ओळी वाकड्या आणि भावांची तोंडं त्याहून वाकडी.

एकाहत्तरचा डिसेंबर. लढाई पेटलेली. लष्कराचं हे मालवाहू विमान जखमी जवानांसाठी औषधं आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन आघाडीवर निघालं होतं. वाटेत तेलाची नळी फुटून एक इंजिन बंद पडलं. सरदारजी कप्तानाला सातपुड्याच्या अलीकडे जी सपाट जमीन दिसली तिथे त्याने ते उतरवलं. उखर्डूची ज्वारी कापून झाली होती, रान टणक होतं. पण विमान थांबता थांबेना. ते बांधावरून उडी मारून वनाच्या गव्हात शिरलं, आणि वनाने गव्हाला सकाळीच पाणी भरलेलं. पुढची दोन्ही चाकं चिखलात रुतून बसली.

विमानातला मेकॅनिक नागपूरचा निघाला. त्याने दुपारपर्यंत नळी जोडली आणि लोकांना समजावून सांगितलं. विमान मागे टणक जमिनीवर ओढायला हवं. त्याआधी हा बांध सपाट करायला हवा. दिवस मावळायच्या आत उडालो नाही, तर तिकडे पोरं औषधाविना जातील.

गावाने चार जोड्या आणल्या. बैलांनी विमान पाहिलं, शेपट्या वर केल्या आणि ते उलट्या दिशेने पळाले. मागच्या जोड्या चालतात पुढच्या जोडीकडे बघून, आणि पुढे उभं राहायची एकाही जोडीची छाती नव्हती. कापसाच्या गाड्या जिनिंगला जायच्या तेव्हा मोटारींच्या भोंग्यांना न बुजता रांगेत पुढे चालणारी जोडी गावात एकच होती. ती फुटलेली.

"मनी ना नही," उखर्डूने मेकॅनिकला होकार भरला. "बैल ल्या, बांध तोडा. पन त्याले इचारा. आर्धा बांध त्याना शे."

"मनी बी ना नही," वना मेकॅनिकला म्हणाला. "पन पहिलं फावडं त्यानी मारानं."

"मी कसाले पहिलं मारू?" उखर्डूने मेकॅनिकलाच विचारलं.

दोघे भाऊ हातभर अंतरावर उभे होते आणि निरोप नागपूरमार्गे जात होते. कप्तान घड्याळाकडे बघत होता. ऊन उतरायला लागलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून यशोदाबाई पुढे आली. ही त्या दोघांची आई. तिला जग सोडायची काही घाई नव्हती, पण जाण्याआधी दोन्ही पोरं एका पंगतीला बसलेली तिला बघायची होती. रोज देवापुढे तेवढंच मागायची. तिने विमान शेपटापासून तोंडापर्यंत न्याहाळलं.

"बठ्ठं वाटी लिधं तुम्ही," ती म्हणाली. "आते ह्या इमाननी बी वाटनी करी टाका. शेपूट तुले, तोंड त्याले."

गाव खो खो हसलं. वनालाही हसू आवरेना. त्याला हसताना पाहून उखर्डूने मान वळवली, पण त्याचे खांदे हलत होते. यशोदाबाई हसली नाही. तिने पदर खोचला, कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं आणि बांधावर चढली.

आईने फावडं मारायचं म्हटल्यावर दोघेही धावले. दोघांनी एकदमच दांडा धरला, आणि दोघांपैकी कुणी सोडायला तयार होईना. फावडं तसंच खाली आलं. पहिला घाव कुणाचा, याचा निकाल गावात अजून लागलेला नाही.

मग बांध सपाट व्हायला कितीसा वेळ लागतो. सगळं गाव तुटून पडलं. चांद्या-लाल्याला आणलं. कुणी न सांगता लाल्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. चांद्याने त्याची मान एकदा चाटली आणि स्वतः जुवाखाली डोकं घातलं. त्यांच्यामागे बाकीच्या जोड्या निमूट उभ्या राहिल्या, आणि दोरांना माणसं भिडली.

"वना, डावीकडथून दाब!" उखर्डू ओरडला.

"दाबस ना, भाऊ!" वना ओरडला.

आपण बोललो हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. यशोदाबाईच्या मात्र आलं. तिने डोळे पुसले आणि धूळ फार उडते म्हणून शेजारणीला सांगितलं. विमान चिखलातून निघालं आणि मागे मागे येत टणक रानात उभं राहिलं.

निघण्याआधी कप्तानाने यशोदाबाईच्या पायांना हात लावला. "माँजी, माफ करना. आपका बाँध तोड दिया."

"काळजी करू नका, आई," मेकॅनिकने भर घातली. "सरकारला कळवतो. बांध पुन्हा घालून मिळेल."

यशोदाबाईने पोरांकडे पाहिलं. उखर्डू लाल्याच्या अंगावरचा चिखल पुसत होता आणि वना चांद्याच्या.

"बांध ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "फकत पुढला येळले इमान जरासं गावकडे उतारा. घरमा बी एक भीत शे."